घाणा, खाडी आणि सहिष्णुतेचं प्रशस्तिपत्र

इस्रायलची एखादी मोठी बातमी आली की आपल्याकडे दोन ठरलेली विधानं हमखास ऐकू येतात. पहिलं असं, की भारतात, त्यातही आपल्या कोकणात, ज्यूंना कुणी कधी त्रास दिला नाही. दोन हजार वर्षं ते इथे गुण्यागोविंदाने नांदले, यातच आपल्या संस्कृतीची थोरवी आली. दुसरं जरा तिरकस असतं: एवढी माया लावली, तरी तिकडे राष्ट्र निघाल्याबरोबर गाशा गुंडाळून गेलेच ना? पहिल्या विधानाला टाळ्या पडतात, दुसऱ्यावर भांडण होतं, आणि ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललेलं असतं ती माणसं पोटासाठी काय करत होती, हे विचारायचं राहूनच जातं. मला हा सगळा वाद चुकीच्या टोकाकडून घातलेला वाटतो. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले हे मराठी बोलणारे ज्यू, खाडीकाठच्या गावांत रुजले ते प्रामुख्याने घाण्याच्या आधाराने, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांनी ती गावं सोडली ती घाण्याचं अर्थकारण मोडलं आणि मुंबईत पगार मिळू लागला म्हणून. इस्रायल नावाचं राष्ट्र तेव्हा नकाशावर यायचं होतं. गावाला सहिष्णू म्हणायचं की जाणाऱ्याला कृतघ्न, हे ठरवण्याआधी तेलाचा हिशेब मांडायला हवा.

जुन्या कुलाबा जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या रायगडचा, नकाशा समोर घ्या. कुंडलिका रोह्यावरून वाहत रेवदंड्याच्या खाडीला मिळते. रोह्याच्या समोरच्या काठावर अष्टमी. अंबा नदी नागोठण्यावरून धरमतरच्या खाडीत येते. भोगावतीकाठी पेण. खाली राजपुरीची खाडी, तिच्या आतल्या टोकाला म्हसळे. या नद्यांच्या कडेची गावं एकेक करून उच्चारत जा आणि शेवटी ‘कर’ लावा: रोहेकर, अष्टमकर, पेणकर, चेऊलकर, नवगावकर, किहीमकर, दिवेकर, झिराडकर, राजपूरकर. ही सगळी बेने इस्रायली आडनावं आहेत आणि अशी शंभराहून जास्त सापडतात. हिंदी सिनेमातले आपले सगळ्यांचे लाडके डेव्हिड हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा. ते दोन हजार वर्षांपूर्वी घडलं की हजार, यावर भांडणाऱ्यांना भांडू द्यावं. बाहेरच्या माणसाने त्यांच्याविषयी लिहिलेल्या जुन्या नोंदींपैकी एक १७३८ सालची, सार्टोरियस या मिशनऱ्याच्या पत्रातली. तोवर ही मंडळी कोकणात पुरती मुरलेली होती आणि त्यांची ओळख होती शनिवार तेली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनिवार तेली. सोमवारी बंद ठेवणारे हिंदू तेली ते सोमवार तेली.

आता तेलच का? गलबतातून कुणी घाण्याची लाट घेऊन उतरलं नव्हतं. जमीन आधीच कुणाची ना कुणाची होती, मासेमारी कोळ्यांची, नारळी-पोफळीच्या वाड्या भंडाऱ्यांच्या आणि आगऱ्यांच्या हाताखालच्या. मधल्या फटीत जे काम मोकळं होतं, त्यात शिरता येत होतं. पण माझा तर्क याच्या थोडा पुढे जातो. शब्बाथ पाळायचा, म्हणजे सात दिवसांतला एक दिवस काही झालं तरी हात चालवायचा नाही, हा नियम कोणत्या धंद्याला परवडतो? भातलावणीच्या पंधरवड्यात पाऊस धरलेला असताना शनिवार म्हणून शेतकऱ्याने रोपांचा आवा तसाच ठेवला, तर वर्ष जातं. कोळ्याला भरती-ओहोटीच्या वेळा पाळाव्या लागतात, तिथे वाराला कोण विचारतो? मिठागरात खाऱ्या पाण्यावर नजर ठेवावी लागते. घाण्याचं तसं नाही. खोबरं, तीळ, कारळे, उंडीच्या बिया कणगीत पडून राहिल्या तरी शुक्रवारचं काम रविवारी होतं. बैलालाही एक दिवस सुटी मिळते. गिऱ्हाईक शुक्रवारीच शेर-अच्छेर तेल जास्त नेतं. पुष्कळ बेने इस्रायल शेतीही करत, काही घराण्यांना आंग्र्यांच्या आरमारातल्या चाकरीबद्दल इनामं होती, हे खरं. पण समाजाची ओळख ज्या धंद्याने ठरली, तो धंदा त्यांच्या धर्माला सर्वांत कमी नडणारा होता. गावाने त्यांना शनिवारची सुटी ‘दिली’ असं आपण म्हणतो. ती सुटी घाण्यातून निघत होती. गावाला तिच्यासाठी काहीच सोसावं लागलं नाही.

इथे समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मान्य करायला हवा. काही सोसावं लागलं नाही तरी जग ज्यूंना छळतच होतं. एकाच धंद्यात कोंडलेल्या, निरुपद्रवी माणसांनाही युरोपने सोडलं नाही. जर्मनीतल्या बव्हेरियाचं उदाहरण घ्या. माईन नदीच्या खोऱ्यातल्या खेड्यापाड्यांत ज्यू कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या गुरांचा आणि धान्याचा किरकोळ व्यापार करत होती. १८१३ च्या फर्मानाने सरकारने तिथे गावोगावच्या ज्यू कुटुंबांची नोंदवही केली आणि त्या यादीतला आकडा वाढू द्यायचा नाही असं ठरवलं. यादीतली जागा रिकामी झाल्याशिवाय धाकट्या मुलाला गावात स्वतःचा संसार थाटता येईना. किती तरी तरुण त्यापायी अमेरिकेला गेले. ही नोंदवही १८६१ पर्यंत चालली. कोकणात पेशव्यांनी, आंग्र्यांनी, जंजिऱ्याच्या सिद्दीने किंवा कुठल्या खोताने असलं काही केल्याची नोंद नाही. ज्यूंची वेगळी कोंडलेली वस्ती नाही, अंगावर वेगळी खूण लावायची सक्ती नाही, ‘यांनी देव मारला’ असं सांगणारा धर्मोपदेशक नाही. मी जे म्हणतो आहे त्याने यातलं काहीही खोटं ठरत नाही, आणि ते खोटं ठरवायची माझी इच्छाही नाही.

पण त्रास न देणं हे किती जणांच्या बाबतीत घडलं, हे पाहिल्याशिवाय त्याला गुण कसं म्हणायचं? ज्या कुलाबा जिल्ह्याने ज्यूंना आपलं मानलं म्हणून आपण पाठ थोपटून घेतो, त्याच जिल्ह्यात १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. पाणी प्यायल्यावर माणसांना मारहाण झाली आणि तळं ‘शुद्ध’ करून घेण्यात आलं. दुरून आलेल्या सात जोडप्यांना सामावणाऱ्या मातीत शेजारच्या माणसाला तळ्यावर जाता येत नव्हतं. मग ही उदारता कोणत्या जातीची? मला ती उदारता वाटतच नाही. ती व्यवस्था होती. जातीच्या उतरंडीत नव्याने येणाऱ्याला कप्पा देण्याची सोय होती, मात्र त्याने कप्प्यात राहायचं. बेने इस्रायलना कप्पा मिळाला तेल्याचा. तो मानाचा मुळीच नव्हता; सकाळी तेली आडवा गेला तर अपशकुन मानणारी माणसं आपल्या आज्यापणज्यांच्या पिढीत घरोघर होती. रोटीबेटीचा प्रश्नच नव्हता. शिवाय कप्पा स्वीकारला की कप्प्यांचं व्याकरणही अंगात भिनतं. बेने इस्रायलांत गोरे आणि काळे असे दोन तट पडले. समाजाबाहेरच्या बायकांपासून झालेली संतती म्हणून ‘काळ्यां’शी लग्नं होत नसत, त्यांनी गोऱ्यांच्या भांड्यांना हात लावायचा नसे. विधवेचं लग्न त्यांच्या धर्मशास्त्राला चालणारं, पण तेही इथल्या रीतीप्रमाणे टाळलं जाऊ लागलं. पुढे मुंबईत बगदादी ज्यू आले, तेव्हा त्यांनी १८३६ साली सामाईक दफनभूमीत आपल्यासाठी वेगळी हद्द मागितली, आणि मग वेगळं काढलं जाणं म्हणजे काय, याचा अनुभव बेने इस्रायलांना दुसऱ्या बाजूने आला.

गावाने तेल्याचा दुःस्वास का केला नाही याचं आणखी एक कारण आहे, आणि ते समजायला पोलंडकडे पाहावं लागतं. सतराव्या शतकात तिथल्या सरदारांच्या युक्रेनमधल्या जमिनी, गिरण्या आणि दारूचे गुत्ते यांचा मक्ता ज्यूंकडे असे. मालक दूर शहरात, वसुलीला दारात उभा राहणारा माणूस ज्यू. १६४८ साली ख्मेलनित्स्कीच्या नेतृत्वाखाली कोसॅकांचा उठाव झाला तेव्हा सरदारांवरचा सगळा राग या वसुलीदारांवर निघाला आणि ज्यूंच्या वस्त्याच्या वस्त्या कापल्या गेल्या. धर्मद्वेष होताच, पण त्याला धार आली ती सारा-वसुलीच्या साखळीतल्या त्यांच्या जागेमुळे. आता कोकणाकडे या. इथे शेतकऱ्याच्या खळ्यावरून अर्धं भात उचलून नेणारा होता खोत. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत जमीन पडीक ठेवली, उपाशी राहिले, पण खोताची जमीन कसली नाही. तो राग खोतावर आणि सावकारावर होता. तेल्याकडे वसुलीचा वाटा नव्हता, कर्जाची वही नव्हती. त्याच्याकडे माणसं दिव्याला आणि फोडणीला तेल आणायला जात आणि त्याच्या घाण्याची पेंड आपल्या बैलाला घालत. समजा, इतिहासाच्या एखाद्या वळणावर कुलाब्यातली खोती बेने इस्रायलांच्या हाती गेली असती, तर आपण आज इतक्या निःशंकपणे प्रशस्तिपत्र लिहू शकलो असतो का? मला शंका आहे.

आता गाव सोडण्याकडे वळू, कारण वादात सर्वांत जास्त विपर्यास इथेच होतो. ‘१९४८ नंतर ते गेले’ हे वाक्य मुंबईबद्दल बरोबर आहे, अष्टमी-नागोठण्याबद्दल नाही. गावातून बाहेर पडायची सुरुवात अठराव्या शतकात कंपनीच्या पलटणीपासून झाली. सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे कंपनीच्या फौजेतले, टिपूच्या कैदेतून सुटून आलेले. त्यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात बेने इस्रायलांचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. या सनाकडे जरा थांबून पाहा. कोकणातल्या गावांत ही माणसं शतकानुशतकं राहत होती, पण पहिलं प्रार्थनामंदिर उभं राहिलं मुंबईत. रेवदंड्याचं आलं १८४२ साली, अलिबागच्या इस्रायल आळीतलं १८४८ साली, पनवेलचं १८४९ साली, पेणचं १८६३ साली. पर्यटकांना या इमारती म्हणजे गावातल्या प्राचीन सुखी सहजीवनाचा पुरावा म्हणून दाखवतात. मला त्या पेन्शनीतून आणि मुंबईच्या पगारातून उभ्या राहिलेल्या दिसतात. घाण्यावर जगणाऱ्या पिढ्यांनी घरातच प्रार्थना केली. घाण्यातून सुटलेल्यांच्या हाती दगडी भिंती घालण्याइतका पैसा आला. चाकरमान्याने गावच्या देवळाचा जीर्णोद्धार करावा, तशातलंच हे.

त्याच सुमाराला खाडीकाठचा जमाखर्च सगळीकडून बिघडत होता. धरमतर, नागोठणे, पेण, पनवेल ही बंदरं देशावरचा माल घाट उतरून खाडीत आणण्यावर जगत. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि तो माल थेट मुंबईला जाऊ लागला. मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आधी अमेरिकन, नंतर रशियन रॉकेल आलं. उंडीचं, करंजाचं तेल जाळणाऱ्या घरांत रॉकेलची चिमणी लागली आणि तेल्याचं दिव्याचं गिऱ्हाईक गेलं. खायच्या तेलावर यांत्रिक गिरण्यांनी हात मारला. बैलाच्या घाण्याने टक्कर द्यायची कशी? दुसरीकडे मिशनऱ्यांच्या शाळांमुळे मुलं लिहायला-वाचायला शिकली होती. मिशनरी विल्सनसाहेबाने १८३२ साली हिब्रू भाषेचं व्याकरण मराठीतून छापलं ते धर्मांतराच्या आशेने; धर्मांतरं झाली नाहीत म्हणण्याइतकी थोडी झाली, पण शिकलेली पोरं रेल्वेत, बांधकाम खात्यात, इस्पितळांत, गोदीत कारकून-मिस्त्री म्हणून लागली. ज्या हायम सॅम्युएल किहीमकरांनी या समाजाचा इतिहास लिहिला, त्यांनी १८७५ साली मुंबईत इस्रायली मुलांची शाळा काढली. ती शाळा किहीमला काढली नाही, मुंबईत काढली, कारण मुलं तिथे होती. पुढे १९३७ साली याच समाजातले डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले. इतकं सगळं झालं तेव्हा इस्रायल जन्माला यायला अकरा वर्षं होती.

यावर एक बिनतोड वाटणारा प्रश्न येतो. घाणा सोमवार तेल्यांचाही गेला. ते कुठे देश सोडून गेले? अर्थकारणच सगळं असतं, तर दोघांची वाट एकच असायला हवी होती. प्रश्न रास्त आहे आणि मी त्यातला अर्धा मान्य करतो. मुंबईहून इस्रायलमधल्या लोदला किंवा बीरशेबाला जाणं हे रॉकेलने समजावून देता येत नाही. त्यामागे जेरुसलेमची शतकांची ओढ आहे, स्वतःच्या राष्ट्राचं आकर्षण आहे, भाऊ गेला म्हणून बहीण जाते हेही आहे. १९४८ च्या सुमारास भारतात वीस हजारांच्या आसपास असलेला समाज आज चार-पाच हजारांवर आला, तो काही तेलाच्या भावाने नव्हे. पण गावापासून मुंबईपर्यंतच्या टप्प्यात सोमवार तेली, शनिवार तेली, मराठा, कुणबी, कोकणी मुसलमान सगळेच एका वाटेवर होते. अख्खं कोकण मनीऑर्डरवर जगत होतं. गिरणगावातल्या खोल्या कुणी भरल्या? बोटीवर खलाशी म्हणून कोण गेलं, नंतर आखातात कोण गेलं? रत्नागिरीचा माणूस परळला गेला तर तो चाकरमानी, आणि अष्टमीचा माणूस भायखळ्याहून पुढे इस्रायलात डिमोनाच्या कापड गिरणीत गेला तर त्याला निष्ठेचा जाब, हा कोणता न्याय? शिवाय तिकडे त्यांचं स्वागत फुलांनी झालं, अशीही समजूत नको. १९५१ साली त्यांच्यातल्या काहींनी तेल अवीवमध्ये धरणं धरून भारतात परत पाठवा अशी मागणी केली, आणि काही परत आलेही. धर्मगुरूंनी त्यांच्या लग्नांवर शंका काढली; त्याविरुद्ध लढल्यावर १९६४ साली त्यांना सर्वार्थाने ज्यू मानल्याचं जाहीर झालं. धर्माच्या ओढीने गेलेल्यांना आपण त्या धर्माचे आहोत हे सिद्ध करावं लागलं.

एक आक्षेप श्रद्धाळू मंडळींचा आहे आणि तो मला जास्त खुपतो. ते म्हणतात, माणसांनी प्राणपणाने जपलेला धर्म तुम्ही घाण्याला जुंपता. ग्रंथ हरवले, भाषा हरवली, तरी सुंता, शब्बाथ आणि ‘शमा’ची प्रार्थना त्यांनी टिकवली, ही ताकद अर्थकारणाची नव्हे. बरोबर आहे, श्रद्धेचं कारण अर्थकारण नसतं. ती कोणत्या रूपात तगते, हे मात्र पुष्कळदा तेच ठरवतं. त्यांच्या जुन्या सणांकडे पाहा. जेरुसलेमचं मंदिर पाडल्याच्या शोकाचा उपास, त्याचं कोकणातलं नाव बिरड्याचा रोजा, कारण त्या दिवशी जेवणात वालाचं बिरडं. वाल हे अलिबागच्या शेताचं पीक. नव्या तांदळाची, नारळाच्या रसातली खीर, तो खिरीचा सण. एलियाहू हनबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करायचा, तर त्यात पोहे, गूळ, खोबरं आणि फळं. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाची खूणही दाखवतात. ज्याच्या घरी खोबरं आहे आणि अंगणात भात वाळतंय, त्याचा हा धर्म. मुंबईत आल्यावर तोच समाज १८८० नंतर कीर्तनं करू लागला आणि पुराणातल्या कथांच्या जागी मोशे-अब्राहामच्या कथा पेटीच्या सुरात सांगू लागला, कारण तिथे घरी घाणा नव्हता, पण संध्याकाळ मोकळी होती. यात श्रद्धेचा उपमर्द कुठे आला?

हे सगळं आज उगाळायचं कारण असं, की २०१६ साली महाराष्ट्राने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला आणि तेव्हापासून रायगडातल्या या वारशाकडे लक्ष वाढलं आहे. प्रार्थनामंदिरांना रंग द्यावा, नवगावच्या दफनभूमीला कुंपण घालावं, वाटेवर पाट्या लावाव्यात, या सगळ्याला माझा पाठिंबाच आहे. पण वारसा म्हणजे फक्त इमारत आणि सण, असं धरलं की इतिहास पाहुण्यांना दाखवण्यापुरता उरतो आणि पाटीवर ‘सर्वधर्मसमभावाचं प्रतीक’ लिहून आपण मोकळे होतो. कुलाब्याच्या जुन्या सातबाऱ्यांत आणि इनामांच्या कागदांत किती इस्रायली नावं आहेत? ती जमीन कधी, कुणाला, काय भावाने विकली गेली? पलटणीतल्या सुभेदारांच्या पेन्शनीतून गावात काय उभं राहिलं? शनिवार तेल्याचा घाणा बंद पडल्यावर ते गिऱ्हाईक सोमवार तेल्याकडे गेलं, की गिरणीच्या डब्याकडे? कुणी घाणा विकला, तो कुणी घेतला, पेंडीचे पैसे कुणाकडे उधार राहिले? ही उत्तरं अलिबागच्या महसुली दप्तरांत आणि जुन्या घरांच्या माळ्यावरच्या वह्यांत काही अंशी तरी मिळायला हवीत, आणि ती मराठीतच आहेत. इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवत आलेल्या माणसांना ती वाचता येतात. ती पिढी थकत चालली आहे. त्यांच्या हाती ही कागदपत्रं द्यायची असतील, तर पाटीच्या मजकुरावर वाद घालण्याआधी हे काम सुरू व्हायला हवं.